लॅपटॉपची टकटक

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमधली पुनर्वसनाची घरे २२५ चौरस फुटांची. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो, त्याच्याच उशाशी मुलगी अभ्यासाला बसते. आमच्या परिचयाच्या अशाच एका घरी जुना लॅपटॉप एकाएकी वाजू लागला. कळ दाबली की आवाज, आणि अक्षर मात्र उमटेना! बापाची झोप गेली, मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट अडला. दुरुस्तीवाला म्हणाला, कीबोर्ड बदला.

रविवारी विहारातली वंदना आटोपून आम्ही तिकडे गेलो. बिघाड नव्हताच. विंडोजमध्ये ‘फिल्टर कीज’ नावाची सोय असते. हात थरथरणाऱ्या माणसाला टाइप करता यावे म्हणून ती केलेली. ओझरता स्पर्श ती मोजत नाही. उजवीकडची शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून धरली की ती सुरू करू का, असे लॅपटॉप विचारतो. धाकट्याने खेळता खेळता ‘हो’ केले होते. तीच कळ पुन्हा आठ सेकंद धरली, आवाज बंद. मग सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड उघडून फिल्टर कीजचा शॉर्टकटही काढून टाकला. (गोधडीवर ठेवलेल्या लॅपटॉपची घरघर निराळी. खालून हवा कोंडते, म्हणून पंखा जोरात फिरतो, पाटावर ठेवावा.)

कीबोर्डसाठी काढलेले पैसे वहिनींनी पुन्हा डब्यात ठेवले.