आधी पत्रा, मग इंजिन

लाडक्या स्पोर्ट्स कारचं काय करायचं, हा विचार बहुतेकांच्या डोक्यात इंजिनापासून सुरू होतो. जोर कमी पडतो, टर्बो बसवू या. नाहीतर काढून टाकू आणि नवी घेऊ. क्लीव्हलंडजवळ राहणाऱ्या माझ्या मामेभावाचं, दादाचं, गेली काही वर्षं हेच चाललेलं. त्याच्याकडे 1995 ची लाल माझदा मियाटा आहे. दोनच सीट, कापडी टप, बटण दाबलं की बोनेटमधून वर येणारे हेडलाइट. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांनी पाहिली. 2016 मध्ये सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखावी गाडी तयार झाली. दोन सीटची इतकी खपलेली दुसरी स्पोर्ट्स कार नाही. दादाच्या गाडीचं 1.8 लिटरचं इंजिन नवेपणी 128 अश्वशक्तीचं. आजची कुठलीही बरी फॅमिली कार सिग्नलवरून तिच्या पुढे निघून जाते, आणि ते दादाला लागतं.

शेवटी वहिनी म्हणाली, “एकदा कुणातरी जाणत्याला दाखव, आणि विषय संपव.” मी तेव्हा तिकडेच होतो, म्हणून सोबत गेलो.

मेकॅनिक अशाच जुन्या छोट्या गाड्या करणारा, मोजकं बोलणारा. दादाने टर्बोचं नाव काढलं तेव्हा तो नुसता हसला. आधी कम्प्रेशन बघू म्हणाला. गिऱ्हाइकाला धास्ती इंजिनाची असते, ती एकदा उरकली की नीट बोलता येतं. इंजिन गरम होतंच. त्याने चारही स्पार्क प्लग काढून ओळीने कापडावर मांडले, इंधन आणि ठिणगी बंद केली, पहिल्या सिलिंडरच्या भोकात गेज फिरवून बसवला. दादाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायला सांगितलं. काटा टप्प्याटप्प्याने चढत 175 पाउंडांवर थांबला. बाकीचे तिघे 178, 172, 176. आकडा किती मोठा यापेक्षा चौघांत किती फरक, हे तो बघत होता. एखादा सिलिंडर फार खाली असता तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेले म्हणायचं. इथे तसं काही नव्हतं. सुरू झाल्यावर वरून टिकटिक आवाज येतो, त्याची दादाला कायम काळजी. तो व्हॉल्व्हच्या हायड्रॉलिक टॅपेटचा, या इंजिनाची जुनी खोड. स्वच्छ ऑइल घातलं की बराच कमी होतो. टायमिंग बेल्टची तारीख वहीत सापडली नाही. पण या इंजिनात बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आपटत नाहीत, गाडी फक्त रस्त्यात बंद पडते. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी मात्र काळ्याची हिरवट-तपकिरी झालेली. हा रंग आला की ती कधीही तडकणार.

दादाचा चेहरा खुलला. मग गाडी लिफ्टवर गेली.

खरं काम इथे होतं. ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं, त्यामुळे खाली गंज असणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. पण मेकॅनिक मिठाचा मार जिथे बसतो त्या भागाकडे न जाता थेट मागच्या चाकापुढे, दाराखालच्या पट्टीच्या शेवटाशी गेला. बोटाच्या पेराने पत्रा वाजवत मागे सरकला. पुढे टणक वाजत होतं, शेवटच्या वीतभरात आवाज बद्द झाला. त्याने टोच्या लावला. रंग शाबूत होता, तरी टोच्या आत गेला आणि ओल्या खपल्या खाली पडल्या. उजवीकडेही तेच.

हे मिठाने केलेलं नव्हतं. कापडी टपावर पडणारं पावसाचं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांमधून खाली जातं आणि मागच्या चाकापुढे बाहेर पडतं. नळीत पानं, माती साचली की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत शिरतं आणि तिथेच राहतं. पत्रा आतून सडत येतो; बाहेर रंगाचा फुगवटा दिसेपर्यंत आतलं संपलेलं असतं. कापडी टपाच्या गाडीला पक्क्या छताचा आधार नाही, बॉडीचा ताठपणा बराचसा या खालच्या पट्ट्यांवर उभा. तिथे सडकं ठेवून वर जास्तीची ताकद घालणं म्हणजे भिंतीला ओल असताना वर मजला चढवणं.

तरीही दादाने टर्बोचा हिशेब मागितलाच. मेकॅनिकने कागद घेतला. टर्बोच्या किटबरोबर मोठे इंजेक्टर आणि नवा कंट्रोल युनिट. मग जाड क्लच. उष्णता वाढली म्हणून मोठा रेडिएटर, वेग वाढला म्हणून ब्रेक. 1.8 लिटरच्या गाडीचा मागचा डिफरन्शियल 1.6 लिटरच्या गाडीपेक्षा दणकट, तो टिकेल. पाच गिअरचा गिअरबॉक्स मात्र फार जोर सोसत नाही. बेरीज नऊ हजार डॉलरांच्या घरात गेली, त्यात पत्रा धरलेलाच नव्हता. तपासणीची मात्र आडकाठी नव्हती: क्लीव्हलंड भागातली धुराची सक्तीची तपासणी 25 वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना लागू नाही. आपल्याकडे हा विचार तिथेच अडला असता. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये बजावलेलं आहे.

राहिली नवी. त्याच आठवड्यात आम्ही शोरूममध्ये जाऊन नवी मियाटा चालवली. दोन लिटर, 181 अश्वशक्ती, किंमत तीस हजार डॉलरांच्या आसपास. गाडी झकास आहे, आणि वजनात जुनीपेक्षा फारशी जड नाही, हे माझदाचं खरं कौतुक. दादा उतरला आणि म्हणाला, “सगळं चांगलंय रे, पण खिडकीची कड वर आली.” मला आधी कळलं नाही. जुन्या गाडीत दाराच्या कडेवर कोपर सहज टेकतं, आपण जवळजवळ उघड्यावर बसलेले असतो. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत अ‍ॅल्युमिनियमची एक लांब चौकट आहे, त्यामुळे पाय उचलला की गाडी लगेच प्रतिसाद देते. ही चौकट नवीतही आहे. कोपर टेकायची जागा नाही.

माझं मत मी तिथेच सांगितलं: टर्बोही नको, नवीही नको. दादाला आवडते ती गाडी ताकदीमुळे नव्हे; आणि ज्यामुळे आवडते ते टर्बो लावून वाढत नाही. त्याने मानलं, पण वहिनीने आकडे बघितल्यावर. दोन्ही बाजूंचा सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणं साडेतीन हजार. वर रेडिएटर, टायमिंग बेल्ट, सगळे रबरी बुश, चार शॉकअब्सॉर्बर आणि मूळ मापाचे, 14 इंची चाकांचे चांगले टायर. एवढं करूनही टर्बोच्या बेरजेपेक्षा स्वस्त. बुश आणि टायर बदलल्यावर गाडी वळणावर अशी बसते की 128 पुरतात.

तुमच्याकडे अशी कापडी टपाची जुनी गाडी असेल किंवा घ्यायची असेल, तर बोनेट उघडण्याआधी एक कपभर पाणी घ्या. टप अर्धा मागे करा, सीटमागच्या नळीच्या तोंडाशी ते हळूहळू ओता आणि मागच्या चाकापुढे खाली बघा. पाणी लगेच खाली आलं, तर इंजिनाची चौकशी करा. नाही आलं, तर आधी टोच्या मागवा.