एमसीबी आहे ना, मग शॉक कसा बसला?

पावसाळ्यात भिंतींना ओल येते, ओल्या हाताने आपण गीझर लावतो, फ्रीज उघडतो. म्हणून आजचा विषय घरातलाच, डीबी बॉक्स. त्यातल्या सगळ्या खटक्यांना आपण सरसकट एमसीबी म्हणतो. पण एमसीबी वायर वाचवतो. माणूस वाचवणारा खटका वेगळा असतो, आणि तो तुमच्या घरात असेलच असं नाही.

आधी एमसीबी. याच्या आत दोन यंत्रणा असतात. एक, दोन धातूंची पट्टी. लोड जास्त झाला की ती तापून वाकते आणि खटका पाडते. हे काम निवांत चालतं. १६ अँपिअरच्या एमसीबीमधून १८ अँपिअर गेले, तर तो तासभरही पडणार नाही. दुसरी यंत्रणा कॉइलची. शॉर्ट सर्किट झालं की ती क्षणात सप्लाय तोडते. 'सी' टाइपचा एमसीबी रेटिंगच्या ५ ते १० पट करंटला असा झटपट पडतो, 'बी' टाइप ३ ते ५ पटीला. मोटर सुरू होताना जास्त करंट खेचते, म्हणून तिथे 'सी' बरा.

आता हिशोब करा. २३० व्होल्ट आणि शरीराचा रेझिस्टन्स समजा १५०० ओहम. करंट येतो साधारण ०.१५ अँपिअर. माणसाच्या जिवाला धोका व्हायला एवढा पुरे. पण एमसीबीच्या नजरेत तो फक्त एका ट्यूबलाइटचा लोड! तो पडणारच नाही.

इथे लागतो आरसीसीबी. तो एकच गोष्ट बघतो: फेजमधून जेवढा करंट गेला, तेवढा न्यूट्रलमधून परत आला का? आमच्या कोडिंगच्या भाषेत, जेवढ्या रिक्वेस्ट गेल्या तेवढे रिस्पॉन्स आले का. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे करंट कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत चाललाय. मग तो ०.३ सेकंदाच्या आत पडायलाच हवा. बरेच वायरमन याला अजूनही ईएलसीबी म्हणतात, त्यामुळे दुकानात गोंधळू नका.

पण आरसीसीबीला ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट कळत नाही. म्हणून त्याच्या जोडीला एमसीबी लागतोच. दोन्ही कामं एकाच डबीत हवी असतील तर आरसीबीओ मिळतो. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलंत, जमिनीत काही गेलंच नाही, तर आरसीसीबीही वाचवू शकत नाही. त्याला तुम्ही म्हणजे एक बल्बच!

सोसायटीच्या मीटर रूममध्ये दिसतो तो मोठा चौकोनी एमसीसीबी. शेकडो अँपिअरचं काम, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये ट्रिपचं सेटिंग कमी-जास्त करता येतं. त्याहून मोठा एसीबी, म्हणजे एअर सर्किट ब्रेकर. मॉल, हॉस्पिटल, कारखान्यात ट्रान्सफॉर्मरनंतर लगेच हा बसवतात, साधारण ६३० ते ६३०० अँपिअरपर्यंत. घरच्या एमसीबीवर चौकटीत ६००० किंवा १०००० छापलेलं असतं. तेवढ्या अँपिअरचा शॉर्ट सर्किट करंट तो सुरक्षितपणे तोडू शकतो.

आता कामाचं. डीबी बॉक्स उघडा आणि 'टी' लिहिलेलं बटण शोधा. रुंद खटका आहे पण बटण नाही, तर तो बहुतेक नुसता आयसोलेटर. तो हाताने बंद करायचा, स्वतःहून कधीच पडत नाही. बटण असेल तर महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला तर ठीक. सप्लाय चालू असूनही पडला नाही, तर वायरमनला बोलवा.

आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो बायपास करू नका. बऱ्याचदा गीझरचा एलिमेंट लीक असतो, आधी तो तपासा. तसंच १६ चा एमसीबी पडतो म्हणून ३२ चा बसवू नका. भिंतीतली वायर तीच राहते. एमसीबी पडणार नाही, वायर जळेल.

भाड्याच्या घरात राहत असाल तर मालकाशी आजच बोला. डिपॉझिट देताना आपण नळ, पंखे, कपाटं सगळं बघतो. त्या यादीत हे एक बटणही घाला.

पुढच्या एपिसोडमध्ये अर्थिंग. तोवर काळजी घ्या!