ससाण्याचे अंडे आणि फवारणीचा पंप

कपाशीच्या रानात निंदण-खुरपण करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना पाखरे पाहायला वेगळी सवड काढावी लागत नाही. विजेच्या तारेवर कापशी बसलेली असते. अंग पांढरेशुभ्र, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. उंदराची चाहूल लागली की ती हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते आणि अलगद खाली उतरते. हिवाळ्यात कधी तिच्याहून दांडगा, टोकदार पंखांचा एक पाहुणाही आभाळातून सपकन निघून जातो. तो बहिरी ससाणा. भक्ष्यावर सूर मारताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. जगात एवढ्या वेगाचे दुसरे पाखरू नाही.

या ससाण्याचा संसार जवळून पाहायचा तर पूर्वी कडेकपारी चढाव्या लागत. आता अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातील मोठ्या शहरांत त्याच्या घरट्यापुढे कॅमेरे बसवले आहेत. त्यांचे चित्र इंटरनेटवरून थेट दिसते. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात बसून, हातातल्या मोबाइलवर, आपली मुलेही ते पाहू शकतात. मुलांनी ते जरूर पाहावे. पण त्या घरट्यामागची गोष्ट मोठ्यांनीही समजून घ्यावी, कारण ती आपल्या रानापर्यंत येऊन पोहोचते.

तेहतीस दिवसांची वाट

ससाणा काड्या गोळा करून घरटे बांधत नाही. कड्याच्या कपारीत किंवा उंच इमारतीच्या सज्जावर वाळूखड्यांत छातीने एक खोलगट जागा करतो, तेच त्याचे घर. मादी साधारण दोन-दोन दिवसांच्या अंतराने तीन किंवा चार अंडी घालते. ती विटकरी रंगाची, ठिपकेदार असतात. बहुतेक अंडी घालून झाल्याशिवाय ती नेटाने उबवायला बसत नाही. त्यामुळे पिले थोड्याफार फरकाने बरोबरच बाहेर पडतात.

मग सुरू होते वाट पाहणे. सुमारे तेहतीस दिवस! मादी नरापेक्षा मोठी असते आणि बहुतेक वेळ तीच बसते. नर शिकार आणतो. ती खायला गेली की तेवढा वेळ तो अंड्यांवर बसतो. त्याचे अंग लहान असल्याने सगळी अंडी पोटाखाली झाकताना त्याची तारांबळ उडते. पाहणाऱ्या मुलांना यात भारी गंमत वाटते. पण पोरांची ऊब ही एकट्या आईची जबाबदारी नाही, हे त्यातून बापांनीही पाहण्यासारखे आहे.

शेवटी एके दिवशी अंड्याला बारीक चीर दिसते. पिलाच्या चोचीवर एक टणक टोक असते. त्याने ते कवच आतून टोचत राहते. हे काम तासाभराचे नसते. पुरते बाहेर यायला एक-दोन दिवसही लागतात. आई मदतीला चोच घालत नाही. बाहेर येते ते ओले, डोळे मिटलेले, पांढऱ्या लवेचे पिलू. तेच सहा आठवड्यांत उडायला लागते.

अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठाच्या सुमारे ३०० फूट उंच मनोऱ्यावर अशीच एक जोडी २०१७ पासून घरटे करत होती. लोकांनी मादीचे नाव ॲनी आणि नराचे ग्रिनेल ठेवले होते. ३१ मार्च २०२२ रोजी, ऐन उबवणीच्या दिवसांत, ग्रिनेल शहरात मेलेला सापडला. एकटी मादी अंडी उबवील की शिकार करील? कॅमेऱ्यावर पाहणाऱ्या हजारो लोकांचा जीव टांगणीला लागला. पण काही तासांतच एक परका नर तेथे आला. त्याने ॲनीला शिकार आणून दिली आणि आधी घातलेल्या अंड्यांवर तो स्वतः बसला. मे महिन्यात दोन पिले बाहेर पडली. त्या नराला लोकांनी ॲल्डन हे नाव दिले.

अंडी आईच्याच वजनाने फुटत होती

आज लोक मोबाइलवर ज्या अंड्यांची वाट पाहतात, ती काही वर्षांपूर्वी पिले बाहेर येण्याआधीच फुटत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी. हे कीटकनाशक शेतांवर, जंगलांवर, वस्त्यांवर सर्रास मारले जाऊ लागले. ते लवकर नष्ट होत नाही. किड्याने ते खाल्ले, किडे चिमणीने खाल्ले, अशा कित्येक चिमण्यापाखरांना ससाण्याने खाल्ले. प्रत्येक पायरीवर विष साठत गेले आणि सगळ्यात जास्त साठले ते ससाण्याच्या अंगात. त्याने मादीच्या शरीरात अंड्याच्या कवचाला चुना मिळेनासा झाला. कवच पातळ झाले. आई उबवायला बसली की तिच्याच भाराने अंडे फुटे.

हे उघडकीला आणले इंग्लंडच्या डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने. जुन्या संग्रहांतील अंड्यांची कवचे त्याने नव्याशी ताडून पाहिली. डी.डी.टी. वापरात आल्यानंतर, म्हणजे १९४७ च्या सुमारापासून, कवचे एकाएकी पातळ झाल्याचे त्याला दिसले. १९६७ साली त्याने ते प्रसिद्ध केले. त्याआधी १९६२ साली रेचेल कार्सन या अमेरिकन लेखिकेने कीटकनाशकांच्या धोक्यावर पुस्तक लिहिले होते. कंपन्यांनी तिची टिंगल केली. पण तोवर अमेरिकेच्या पूर्व भागात बहिरी ससाण्याचे एकही नांदते घरटे उरले नव्हते.

१९७२ साली अमेरिकेने शेतीतल्या डी.डी.टी.वर बंदी घातली. शास्त्रज्ञांनी ससाण्याची पिले हाताने वाढवून हजारोंनी मोकळी सोडली. १९९९ साली बहिरी ससाण्याचे नाव तेथील संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून काढले गेले. विष थांबले म्हणून ही पिले आज पडद्यावर दिसतात. भारतात शेतीसाठी डी.डी.टी. १९८९ साली बंद झाले.

विष बदलले, बळी बदलला

डी.डी.टी. गेले, त्याच्या जागी दुसरी विषे आली. त्यांतले एक मोनोक्रोटोफॉस. आपल्याकडे शेतमजुराच्या घरात हे नाव शाळकरी पोरालाही माहीत आहे. १९९५-९६ साली दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिनात शेतकऱ्यांनी नाकतोड्यांवर ते फवारले. ते नाकतोडे खाऊन स्वेन्सन जातीचे शिकारी पक्षी हजारोंनी मेले. शेतांत आणि झाडांखाली त्यांचे सडे पडले होते. जगभर आरडाओरड झाली आणि पुढे त्या देशाने या औषधावर बंदी आणली.

त्या पक्ष्यांनी दिलेला इशारा आपल्या देशाने वेळीच ऐकला का? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी डोक्याबरोबर वाढली होती. फवारणीचा तुषार थेट नाकातोंडावर येत होता. जुलै ते ऑक्टोबर या काळात विषबाधेने जिल्ह्यात २० हून अधिक माणसे मेली, शेकडो आजारी पडली. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात खाटा पुरेनात. कित्येकांची नजर अधू झाली. फवारलेल्या विषांत मोनोक्रोटोफॉसही होते. मेलेल्यांत अल्पभूधारक होते आणि दुसऱ्याच्या शेतात रोजाने पंप उचलणारे मजूरही होते. मोनोक्रोटोफॉसचे नेहमीचे ३६ टक्के द्रावण बंद करण्याचा आदेश केंद्र सरकारने काढला तो २०२३ साली.

ससाण्याच्या अंगात विष साठते, कारण तो साखळीच्या टोकाला असतो. मजुराच्या अंगात ते शिरते, कारण पंपाचे नळकांडे त्याच्याच हातात असते. औषध कोणते आणायचे, किती मिसळायचे, हे ठरवणारा मात्र बहुधा दुसराच असतो.

पंप उचलण्याआधी

बाटलीवर रंगीत चौकोन असतो. लाल रंग म्हणजे अतिजहाल विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. वाचता येत नसले तरी रंग ओळखता येतो. दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारायला सांगितले तर नकार द्या. हातमोजे, चष्मा, नाकातोंडाला मास्क आणि अंगभर कपडे मालकाकडे मागा. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका. विषाच्या हाताने तंबाखू-बिडी नको. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नका, नाहीतर ते विष धुणाऱ्या बाईच्या आणि लेकरांच्या अंगी लागते. रिकाम्या डब्यात पाणी भरू नका.

घाम फुटला, लाळ गळू लागली, मळमळले, डोळ्यांपुढे अंधुक झाले किंवा छाती भरून आली, तर घरी पडून राहू नका. अंगावरचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. बाटली सोबत न्या. कोणते विष आहे हे डॉक्टरांना कळले तर उपचार लवकर सुरू होतो.

आणि मुलांनो, ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात एका उंच इमारतीवर ससाणे १९९१ पासून घरटे करत आले आहेत. तिकडे अंडी ऑगस्टच्या अखेरीस येतात आणि पिले सप्टेंबर संपता संपता बाहेर पडतात. नेमके तेच आपल्याकडे फवारणीचे दिवस. पडद्यावर अंड्याला चीर पडलेली दिसली की घरच्यांना बोलावून दाखवा. आणि त्याच दिवशी बाबांना, काकांना विचारा की आज रानात कोणत्या रंगाची बाटली होती आणि तोंडाला काय बांधले होते.