नागपूरचे डॉ. मुंजे आणि रोम

आपलं पांढुर्णा-सौंसर 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होतं, म्हणून ही गोष्ट घरचीच. नागपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. बा. शि. मुंजे लंडनच्या गोलमेज परिषदेहून परतताना रोमला थांबले आणि 19 मार्च 1931 रोजी मुसोलिनीला भेटले. इटलीतल्या 'बालिला' या फॅसिस्ट बाल-युवक संघटनेची गणवेशातली, कवायत करणारी पोरं त्यांनी जवळून पाहिली, डायरीत भरभरून कौतुक केलं. 1937 मध्ये नाशिकला त्यांनी भोसला मिलिटरी स्कूल काढलं.

माझं मत स्पष्ट आहे: बालिलाच्या त्या शिस्तीमागे इटलीतली 1926 ची विरोधी पक्षांवरची बंदी होती, ती मुंजेंनी तोलायला हवी होती. मुंजेंची कागदपत्रं दिल्लीच्या तीनमूर्ती भवनात आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी जरूर वाचावीत.