मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, छंद आणि आंतरजालावरील सल्ला : प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचा विचार

प्रस्तावना

संगणकावर काम करताना अडचण आली की आपण प्रथम शेजारी बसलेल्या सहकाऱ्यास विचारतो, त्याला न सुटल्यास डी.टी.पी. सेंटर गाठतो आणि तेथेही उपाय न सापडल्यास ते काम लांबणीवर टाकतो. अंबडसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयात काम करणाऱ्या बहुतेकांना हा क्रम परिचित आहे. वास्तविक पाहता याच अडचणीतून पूर्वी गेलेली आणि तिचे उत्तर विनामोबदला देण्यास तयार असलेली माणसे आंतरजालावर मोठ्या संख्येने आहेत. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचे व निरनिराळ्या छंदांत रमणाऱ्यांचे असे समूह गेली तीन-चार दशके परस्परांना सल्ला देत आले आहेत. तथापि आपला प्राध्यापकवर्ग तेथे फारसा जाताना दिसत नाही आणि गेला तरी पुष्कळदा निराश होऊन परततो. असे का होते, सल्ला कसा मागावा आणि मिळालेल्या सल्ल्याचे काय करावे, याविषयी काही विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

परस्परांना विचारून शिकण्याची रीत आपल्या परिसराला नवी नाही. जालन्याजवळील खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राच्या मासिक चर्चासत्रात मोसंबीची फळगळ का झाली, हे शेतकरी शास्त्रज्ञांना विचारतात, तसे एकमेकांनाही विचारतात. तेथे प्रश्न विचारणाऱ्याला कमीपणा वाटत नाही. हा कमीपणा आपल्या व्यवसायात मात्र ठाण मांडून बसलेला आहे, हे प्रारंभीच मान्य केलेले बरे.

मुक्तस्रोत आणि सल्ला यांचे नाते

मुक्तस्रोत म्हणजे फुकट, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांना अभिप्रेत होते ते स्वातंत्र्य : सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरण्याचे, त्याची मूळ संहिता वाचून बदलण्याचे, प्रती वाटण्याचे आणि सुधारलेली प्रत इतरांना देण्याचे. १९८९ च्या ग्नू सार्वजनिक परवान्याने या स्वातंत्र्याला कायदेशीर रूप दिले. 'मुक्तस्रोत' ही संज्ञा ज्या इंग्रजी संज्ञेवरून आली, ती त्यानंतर, म्हणजे १९९८ साली रूढ झाली.

या व्यवस्थेत बहुतेक वेळा विक्रेता नसतो. विक्रेता नसल्याने ग्राहकही नसतो आणि तक्रार निवारण केंद्रही नसते. जो वापरतो तोच दुसऱ्याला सांगतो. लिनक्सचा जन्मच मुळी अशा विचारपुशीतून झाला. हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी मिनिक्स ही प्रणाली वापरणाऱ्यांच्या समूहाला कळविले की, आपण केवळ छंद म्हणून एक संगणकप्रणाली लिहीत आहोत. मिनिक्समधील काय आवडते व काय नावडते ते सांगावे. आज जगातील बहुसंख्य सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतात, तिची सुरुवात छंद आणि सल्ला या दोन गोष्टींतून झाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ग्रंथालय क्षेत्रातील उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयाची जुनी संगणकप्रणाली २००० हे वर्ष उजाडल्यावर चालणार नव्हती. म्हणून १९९९ साली 'कोहा' ही प्रणाली लिहिण्यात आली आणि ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांचे ग्रंथपाल आज कोहा वापरतात आणि अडल्यास जगभरातील ग्रंथपालांना विचारतात. माझ्या पाहण्यात, अध्यापकांपेक्षा ग्रंथपाल या बाबतीत पुष्कळ पुढे आहेत.

एक अनुभव

२०१४ साली प्रस्तुत लेखकाचा एम.फिल. प्रबंध पूर्ण होत आला होता. (ही पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या विनियमांन्वये बंद केली.) प्रबंधाची चार प्रकरणे एका डी.टी.पी. सेंटरमध्ये जुन्या पद्धतीच्या, म्हणजे युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलिखित झाली होती. ती घरच्या संगणकावर लिब्रेऑफिसमध्ये उघडली असता पानभर निरर्थक रोमन अक्षरे दिसू लागली. सादरीकरणास तीन आठवडे उरले होते आणि पुन्हा टंकलेखन करून घेण्यास पैसे नव्हते.

मराठी संगणक वापरणाऱ्यांच्या एका समूहात मी प्रश्न विचारला : 'मराठी फाँट दिसत नाही, तातडीने मदत करावी.' दोन दिवस कोणीही उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी एकाने एवढेच विचारले की, फाँटचे नाव काय, फाइल कोणत्या प्रोग्रॅममध्ये तयार झाली, आपण ती कोणत्या आवृत्तीत उघडत आहात आणि बिघडलेल्या मजकुराच्या दोन ओळी मूळ छापील ओळींसह देता येतील काय. मला प्रथम राग आला. हा माणूस माझी परीक्षा घेत आहे असे वाटले. नंतर ध्यानात आले की, विद्यार्थी जेव्हा 'सर, मला काहीच समजले नाही' असे म्हणतो, तेव्हा आपणही त्याला नेमके हेच विचारतो.

मागितलेली माहिती दिल्यावर त्याच संध्याकाळी उत्तर आले. जुन्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसविलेले असतात. फाँट काढून घेतला की खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. मजकूर नष्ट झालेला नसतो. कोणत्या रोमन चिन्हाच्या जागी कोणते देवनागरी चिन्ह, याचा तक्ता असेल तर रूपांतर करता येते. अडचण क्रमाची असते. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठविलेली असते, युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. रफाराचे नेमके उलटे : 'सर्व' या शब्दात जुना फाँट रफार 'व' नंतर ठेवतो, युनिकोड 'व' च्या आधी. म्हणून नुसती अदलाबदल पुरत नाही, जागाही बदलावी लागते. उत्तर देणाऱ्याने तसा छोटा प्रोग्रॅम पाठविला आणि आधी फाइलची प्रत काढून ठेवा, असे दोनदा बजावले.

चार प्रकरणांचे रूपांतर काही मिनिटांत झाले. जोडाक्षरांच्या चुका मात्र राहिल्या. त्या वाचून दुरुस्त करण्यात आठ दिवस गेले. चुकलेल्या शब्दांची यादी मी समूहाकडे परत पाठविली व त्यानुसार तक्ता सुधारण्यात आला. मला मदत करणारी व्यक्ती कोण, कोठली, हे मला अद्याप ठाऊक नाही. पुढील वर्षी दुसऱ्या एका संशोधकाने तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्याला माझ्या प्रश्नाचा दुवा देण्यात आला. प्रश्नकर्त्याने शेवटी काय झाले ते कळविणे का आवश्यक असते, हे मला तेव्हा उमगले.

प्रश्नाची मांडणी

वरील अनुभवातून प्रश्नाचे घटक स्पष्ट होतात : काय करावयाचे होते, नेमके काय केले, काय घडले, पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा, आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती. यात आधी काय शोधले व कोणता उपाय निष्फळ ठरला याची भर घातल्यास उत्तर देणाऱ्याचे श्रम वाचतात. एरिक रेमंड व रिक मोएन यांनी २००१ साली या विषयावर लिहिलेले टिपण आजही वाचले जाते. त्यातील सूचना उपयुक्त असल्या तरी सूर मात्र गर्वाचा आहे, असे माझे मत आहे. नवख्याला हिणविण्याची प्रवृत्ती या समूहांत खरोखरच आहे. प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांसाठी २००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोच्या चालकांनी आपल्याकडे नवागतांचे स्वागत नीट होत नाही, अशी जाहीर कबुली २०१८ मध्ये दिली होती.

मराठीचे प्रश्न

काही प्रश्नांना मात्र इंग्रजी समूहांत उत्तर मिळू शकत नाही, कारण ते प्रश्न तेथे कोणाला पडलेलेच नसतात. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द घ्या. पहिल्यात गुरू आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. हिंदीत हा भेद लागत नसल्याने अनेक फाँट व शोधयंत्रे त्याविषयी उदासीन राहिली. त्यातच युनिकोडमध्ये हा र दोन रीतींनी लिहिता येतो : खाली टिंब असलेल्या 'ऱ' ने, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. दोन्ही पडद्यावर सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात; एका रीतीने शोधल्यास दुसऱ्या रीतीने लिहिलेला सापडेलच असे नाही. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाले. तोपर्यंत 'अ' वर चंद्र ठेवून काम भागवावे लागे, आणि जुन्या मजकुरात ते रूप अजूनही आढळते.

अशा बाबतीत मराठी समूहांचे मोल कळते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यावरील सामूहिक चर्चेच्या पानाला 'चावडी' हे नाव दिले आहे आणि नवख्यांसाठी मदतकेंद्र आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने लिनक्स, लिब्रेऑफिस, लाटेक्स आदींचे पाठ मराठीतही दिले आहेत. परंतु चावडीवर येणारे हात थोडे आहेत. तेथे उत्तरे कमी मिळतात अशी तक्रार करणाऱ्यांपैकी किती जणांनी एखादे उत्तर दिले, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

छंदाच्या क्षेत्रातील सल्ला

छंदाच्या बाबतीत चित्र अधिक मोकळे आहे. १९९६ पासून चालू असलेल्या मायबोलीवर परदेशस्थ मराठी कुटुंबांनी अनोळखी हवामानातील बागकाम, उपलब्ध पिठाच्या भाकरी, भ्रमंती अशा शेकडो विषयांवर एकमेकांना विचारले आहे. येथे कोणी तज्ज्ञ म्हणून मिरवत नाही, म्हणून विचारणाराही संकोचत नाही.

आमचे एक सहकारी आकाशनिरीक्षणाचे शौकीन आहेत. ते फाबियाँ शेरो यांनी सुरू केलेले स्टेलॅरियम हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरतात. अंबडचे अक्षांश सुमारे साडेएकोणीस अंश. ध्रुवतारा क्षितिजावर जवळपास तेवढाच उंच दिसतो, हे ते विद्यार्थ्यांना गच्चीवरून दाखवितात. मकरसंक्रांतीच्या दिवशी सूर्य धनू तारकासमूहात दिसतो, तर पंचांग चुकले की सॉफ्टवेअर, असा प्रश्न त्यांनी विचारला. परदेशी छांदिष्टांनी सांगितले की, मकरायन तर डिसेंबरच्या २१-२२ तारखेलाच होऊन गेले. दुसऱ्याने सांगितले की, सॉफ्टवेअरमधील सीमा आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ठरविलेल्या व १९३० साली प्रसिद्ध झालेल्या आहेत. दोन्ही विधाने खरी होती, पण प्रश्न तसाच राहिला. अखेर एका मराठी सदस्याने उलगडा केला : पंचांगातील रास हा क्रांतिवृत्ताचा तीस अंशांचा समान भाग असतो, तारकासमूह लहानमोठे असतात, शिवाय अयनबिंदू सरकल्याने पडलेल्या सुमारे चोवीस अंशांच्या फरकामुळे संक्रांत डिसेंबरवरून जानेवारीच्या मध्यावर येते. चूक कोणाचीच नव्हती. तीन वेगळ्या मोजपट्ट्या होत्या.

सावधगिरी

मिळालेला सल्ला हा सल्लाच असतो. त्याची जबाबदारी घेणारा कोणी नसतो. अर्थ न समजलेली आज्ञा, विशेषतः प्रशासकाच्या अधिकारात, चालवू नये. उत्तराची तारीख पाहावी, कारण २०१२ चे उत्तर आजच्या आवृत्तीला लागू पडेलच असे नाही. आपल्या व्यवसायातील विशेष धोका असा की, नमुना म्हणून जोडलेल्या फाइलमध्ये विद्यार्थ्यांची नावे, भ्रमणध्वनी क्रमांक व गुण असतात. अशा वेळी काल्पनिक नोंदींची दोन-तीन ओळींची फाइल स्वतंत्र तयार करून जोडावी.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून अनेकांनी माणसांना विचारणे सोडून यंत्राला विचारण्यास सुरुवात केली. स्टॅक ओव्हरफ्लोवरील प्रश्नांची संख्या घटली. यंत्र हिणवत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र चुकीचे उत्तरही ते तितक्याच आत्मविश्वासाने देते. याच कारणास्तव स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्ये तशी उत्तरे टाकण्यास मनाई केली. शिवाय यंत्राला केलेला प्रश्न आपल्यापाशीच राहतो, पुढच्याला सापडत नाही.

व्हॉट्सॲपवरील आपल्या प्राध्यापकांच्या गटांतही हेच होते. 'ऱ्य कसा काढायचा' हा प्रश्न आमच्या गटात एका वर्षात किमान चार वेळा आला आणि चारही वेळा सणांच्या शुभेच्छांखाली गाडला गेला. म्हणून आता स्टाफरूममध्ये एक साधी वही ठेवली आहे. तिच्यात प्रश्न, उत्तर, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि तारीख एवढेच लिहायचे. पहिली नोंद अशी आहे : इनस्क्रिप्ट कळफलक, शिफ्टसह जे, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ.