गोल गासडी, उलाळ गाडी

रानात पडलेली गवताची गोल गासडी पाहिली की वाटतं, हात लावला की चालू लागेल. सपाट, कोरड्या जमिनीवर चालतेही. दोघांनी खांदा लावायचा, पहिला हिसका बसला की पुढचं सोपं. पण 4 फुटी गासडी दोनशे किलोच्या आसपास असते आणि 5 फुटी चारशेच्या घरात. त्यात ती ओल्या मातीवर काही आठवडे बसली की बूड चपटं होतं आणि गोलाई नावापुरती उरते.

अमेरिकेत नेब्रास्काच्या उमो ल्युबेन यांनी 1910 साली गोल गासडीच्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते लहान गासड्यांसाठी. गोल पाठीवरून पाऊस ओघळून जातो, हा तिचा मोठा गुण. आयोवातल्या पेला गावच्या गॅरी व्हर्मीर यांनी 1971मध्ये अजस्र गासडीचं यंत्र आणलं. एकट्या माणसाने सगळं गवत आवरावं, हा त्यामागचा विचार. त्या एकट्या माणसाकडे ट्रॅक्टर असणार, हे गृहीतच होतं!

दोन घोडे आणि चार शेळ्या पाळणाऱ्याकडे ट्रॅक्टर नसतो. तो दोन चाकांच्या गाड्यावर काम भागवतो. गाड्याची चौकट मागून उघडी असते. लांब दांडी वर धरून गाडा मागे सारायचा, गासडी दोन चाकांच्या मधे घ्यायची आणि दोन्ही अंगांनी टोकदार खुंट तिच्या पोटात खुपसायचे. मग दांडी खाली दाबायची. खुंट आसाच्या मागे 20 सेंटिमीटरवर आणि दांडी पुढे 3 मीटर असेल, तर 400 किलोंसाठी टोकाला साधारण 27 किलोंचा जोर पुरतो. दांडी दीड मीटर खाली येते तेव्हा गासडी उचलते जेमतेम 10 सेंटिमीटर, पण जमीन सुटायला तेवढं बास.

बैलगाडी हाकलेल्याला इथली मेख लगेच कळेल. भार आसाच्या मागे, म्हणजे गाडा कायमचा उलाळ. दांडी सुटली तर वर उसळणार, हनुवटी सांभाळायची. चार चाकांच्या मोटारसायकलला तो जोडला की तिची मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या गवतात घसरतात. दांडीवर दगडांची पिशवी बांधणं हा त्यावरचा स्वस्त इलाज.

उतारावर मात्र कुठलीच युक्ती चालवू नये. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात 2010 साली सुमारे 600 किलोंची गासडी टेकडीवरून गडगडत रस्त्यावर आली आणि एका व्हॅनवर आदळली. ‘ईएलओ’ या रॉक बँडचे जुने चेलोवादक माइक एडवर्ड्स त्यात जागीच गेले.

आपल्याकडच्या पेंढ्याच्या छोट्या गोल गासड्या वीस-तीस किलोंच्या. त्या डोक्यावरून जातात. तिकडच्या मोठ्या गासडीला न उचलण्याचाही एक मार्ग आहे. कुरणातच सुतळी कापायची आणि सतरंजीसारखी उलगडत न्यायची. जनावरं मागून खात येतात, गासडी पावलागणिक हलकी होते. फक्त गुंडाळीचं टोक कुठल्या बाजूला आहे ते आधी बघायचं. उलट ढकलली तर ती उलगडतच नाही, नुसती लोळत राहते.