चार इंच की पाच इंच?



अमेरिकेतील टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या एका भाच्याने मध्यंतरी मला एक प्रश्न घातला. त्याने १९९० नंतरच्या काळातील एक जुनी डिझेल पिकअप घेतली आहे आणि तिच्यामागे घोडे वाहून नेण्याची गाडी जोडून तो दूरदूर जातो. चढ लागला की एंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान भलतेच वाढते. म्हणून आपण जिला सरसकट सायलेन्सर म्हणतो ती मागची सगळी नळी बदलावी, असे त्याच्या मनाने घेतले. मूळ नळी तीन इंचांची. दुकानात चार इंची आणि पाच इंची असे दोन संच मिळतात. मित्र म्हणतात, पाचचाच घे. "मामा, कोणता घेऊ?" असा त्याचा सवाल.

प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या पोटात बरेच काही दडलेले आहे.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. 'एंजिनाला मागून थोडा दाब हवाच असतो' असे पुष्कळ मेकॅनिक सांगतात. पेट्रोलच्या साध्या एंजिनात नळीची लांबीरुंदी बेताची ठेवली, तर वायूच्या वेगाचा सिलिंडर रिकामा होण्यास उपयोग होतो. त्या अनुभवातून ही समजूत पसरली. तिथेही उपयोग होतो तो वेगाचा, दाबाचा नव्हे. डिझेल पिकअपची गोष्ट तर निराळीच आहे. १९८९ साली डॉज पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे एंजिन आले, तेव्हापासून टर्बोचार्जर हा या गाड्यांचा प्राण होऊन बसला. (याच कमिन्सच्या भागीदारीने १९६२ साली किर्लोस्करांनी पुण्यात कारखाना काढला.) टर्बोमध्ये बाहेर जाणारा वायू एक चक्र फिरवतो आणि ते चक्र ताजी हवा एंजिनात कोंबते. चक्राच्या अलीकडे दाब जास्त आणि पलीकडे कमी, या फरकावरच ते फिरते. पलीकडची नळी अरुंद असली, तर तिथे दाब तुंबतो, चक्र मंदावते, हवा कमी पडते, आणि तेवढेच डिझेल कमी हवेत जळून तापमान चढते. तेव्हा टर्बोच्या पुढे अडथळा जितका कमी तितका बरा, हे खरे.

मग पाच इंच का नको? याचे उत्तर गणितात आहे. तेवढाच वायू तेवढ्याच लांबीच्या नळीतून न्यायचा असेल, तर घर्षणाने होणारी दाबाची हानी व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. तीन इंची नळीतील हानी १०० धरली, तर चार इंची नळीत ती सुमारे २४ होते आणि पाच इंचीत सुमारे ८. म्हणजे पहिल्या इंचाने ७६ भाग वाचतात. दुसऱ्या इंचाने फक्त १६. पहिला इंच एंजिनाच्या कामी येतो. दुसरा बहुतांशी हौसेच्या. एंजिनाची ताकद मुद्दाम खूप वाढवलेली असेल, टर्बोही मोठा बसवला असेल, तर वायूचे प्रमाण वाढते आणि पाच इंचांना अर्थ येतो. एरवी रुंद नळी जड होते, चाकांच्या आसाजवळून नेताना तिला जागा पुरत नाही, आणि तिचा घुमणारा आवाज लांबच्या प्रवासात डोके उठवतो.

दुसरी गोष्ट, अडथळा नेमका कोठे आहे ते पाहावे. टर्बोला लागून खाली उतरणाऱ्या नळीत वायू सर्वांत तप्त, म्हणून सर्वांत फुगलेला असतो. तिथेच नळी चेपलेली असेल, तर मागे पाच इंची शेपूट लावून काय उपयोग? वाकणेही तपासावीत. साध्या यंत्रावर वाकवलेली नळी वाकणावर चपटी होते. आतून आधार देऊन वाकवलेली नळी गोल राहते. चपट्या वाकणाची पाच इंची नळी घेण्यापेक्षा गोल वाकणाची चार इंची बरी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. अमेरिकेत २००७ पासून आणि आपल्याकडे १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहा लागू झाल्यापासून तो सार्वत्रिक झाला. 'सरळ नळी' टाकण्याच्या नावाखाली हा फिल्टरच काढून टाकणारे लोक आहेत. मागील दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपांची प्रदूषणरोधक साधने अशी काढली गेली, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० साली दिला. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली दिलेला आहे. तेव्हा ही साधने काढणे तिकडच्या कायद्याने निषिद्ध आहे, एवढेच नव्हे. तो मागून येणाऱ्याच्या फुप्फुसावर घातलेला घाला आहे. नव्या गाडीत बदल करायचाच तर फिल्टरच्या मागच्या भागात करावा. आणि तिथे लाभ मुख्यतः आवाजाचा आहे, ताकदीचा नव्हे, हे ओळखून असावे.

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला भाजी नेणाऱ्या आपल्या पिकअपवाल्यांनाही हे लागू आहे. शिवाय आपल्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कारखानदाराने ठरवलेल्या रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही.

भाच्याला मी एवढेच लिहिले : आधी टर्बोच्या पुढे दाबमापक लाव, पूर्ण भार घेऊन चढावर गाडी चालव, आणि आलेला आकडा एंजिनाच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहा. मर्यादेच्या आत असेल, तर खिशात हात घालू नकोस. दोष दुसरीकडे शोध. बाहेर असेल, तर जी सर्वांत लहान नळी तो आत आणील, ती घे.

त्याने मोजले, आकडा मर्यादेबाहेर होता. त्याने चार इंची नळी बसवली. चढावर तापमानाचा काटा आता पूर्वीपेक्षा खाली राहतो, आणि पहाटे गाडी काढताना शेजाऱ्यांची झोपही मोडत नाही.